वकिली शिकायला घाट चढायलाच हवा का?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगून गेले. गोव्यात मात्र हा सल्ला पाळणे कठीण. घरातले वडीलधारे माणूस गेले, घर-भाट त्याच्या नावावर असले आणि भावंडांचे एकमत नसले, की इन्व्हेन्टारियोसाठी शहाण्यालाही ती पायरी चढावीच लागते. कुळ-मुंडकाराचा वाद असेल, कोमुनिदादीची जमीन असेल, तर विचारूच नका. तेव्हा आपल्या मुलांना वकील व्हावेसे वाटते यात नवल नाही. नवल वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. गोव्याचा कायदा देशात सगळ्यांपेक्षा निराळा, आणि तो शिकायला आपली मुले घाट चढून जातात!

निकाल लागले की हा प्रश्न हटकून कानावर येतो. मुलगा किंवा मुलगी बी.ए. नाहीतर बी.कॉम. झालेली असते. शिक्षकाच्या जागा निघत नाहीत, सरकारी नोकरीची जाहिरात कधी येईल ते देवाला ठाऊक. मग कोणीतरी सुचवतो, ‘लॉ कर.’ करायचे ठरले की दुसरा प्रश्न: कुठे? पणजी, मडगाव, बेळगाव, पुणे की मुंबई? मी कला शाखेचा पदवीधर, सरकारी कचेरीतला कारकून. वकील नव्हे. पण जमिनीचे आणि वारशाचे कागद रोज हातांखालून जातात. वकिलाने काय लिहून दिले आणि त्यामुळे पक्षकाराचे काय झाले, हे टेबलाच्या या बाजूने बऱ्यापैकी दिसते. तेवढ्या अधिकारावर हे लिहितो आहे.

आधी कोर्सबद्दल. इंग्लंडमध्ये इतर विषयांच्या पदवीधराला कायद्याकडे वळण्यासाठी वर्षभराचा कन्व्हर्जन कोर्स असतो. बॅरिस्टर व्हायचे तर दुसऱ्या विषयाच्या पदवीधराला तो आजही लागतो. सॉलिसिटरसाठी मात्र सप्टेंबर २०२१ पासून एसक्यूई नावाची परीक्षा आली आणि तो कोर्स सक्तीचा राहिला नाही. पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडनला गेलेल्या आपल्या लोकांच्या मुलांना ही वाट उपयोगाची आहे, आणि त्यांनी ती जरूर धरावी. पण तिथला वर्षाचा डिप्लोमा घेऊन गोव्यात आलात तर पणजीच्या कुठल्याही बारमध्ये बसता येईल, फक्त वकिलांच्या बारमध्ये नाही. आपल्याकडे पदवीधराला एकच रस्ता: तीन वर्षांची, सहा सत्रांची एलएल.बी. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे त्यासाठी पदवीला ४५ टक्के गुण लागतात, इतर मागासवर्गीयांना ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४०. पत्राने, पोस्टाने, घरबसल्या ही पदवी मिळत नाही. मिळते असे कोणी सांगत असेल तर त्याला लांबूनच नमस्कार करावा.

आता कॉलेजे. पणजीला, म्हणजे मिरामारला, व्ही. एम. साळगावकर लॉ कॉलेज १९७३ पासून आहे. मडगावला गोविंद रामनाथ कारे लॉ कॉलेज आहे. दोन्ही गोवा विद्यापीठाची. त्याआधी आपल्या लोकांना बाहेर जाण्यावाचून गत्यंतरच नव्हते. मुंबईचे गव्हर्नमेंट लॉ कॉलेज १८५५ चे, पुण्याचे आयएलएस १९२४ चे, बेळगावचे राजा लखमगौडा १९३९ चे. ही नुसती नावे नव्हेत. मुक्तीनंतर गोव्याच्या कोर्टांत भारतीय कायदे आले तेव्हा ते शिकलेली माणसे याच गावांतून आली. बेळगावशी तर आपले नाते घरोब्याचे. सत्तरी, डिचोलीच्या माणसाला चोर्ला घाट चढला की बेळगाव, आणि तिथे बाजारात, खानावळीत, घरमालकाशी मराठीत बोलता येते. ज्यांनी तिथे शिकून नाव काढले त्यांचा मला आदरच आहे. पण वडील बेळगावला शिकले म्हणून मुलानेही बेळगावलाच जावे, हे काही कारण झाले नाही. त्यांच्या वेळी इथे पर्याय नव्हता. आज आहे.

बाहेर जाण्याच्या बाजूने जे सांगितले जाते ते सगळे खोटे नाही. पुण्या-मुंबईला ग्रंथालये मोठी, मूट कोर्टाच्या स्पर्धा जास्त, वर्गात देशभरातली मुले. मोठ्या कंपन्यांची, करांची, बौद्धिक संपदेची वकिली करायची असेल, मुंबईच्या एखाद्या फर्ममध्ये शिरायचे असेल, तर मुंबईच गाठावी. तिथे ओळखी होतात, उमेदवारी मिळते. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयात उभे राहण्याचे स्वप्न असेल तर त्यालाही माझी ना नाही. पण मला विचारणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना यांतले काही करायचे नसते. त्यांना शिकून परत यायचे असते. म्हापशाला, फोंड्याला, केप्याला नाहीतर काणकोणला टेबल मांडायचे असते. त्यांच्यासाठीच हा लेख.

या मुलाकडे उद्या पहिला पक्षकार कोण येणार? कंपनी येणार नाही. येईल ती वाड्यावरची एखादी बाई, नवरा गेलेली, हातात एक-चौदाचा उतारा आणि घरपट्टीची पावती घेऊन. तिचा प्रश्न साधा: ‘हे घर आता कोणाचे?’ या प्रश्नाचे उत्तर पुण्यात एक, आणि पेडण्यात दुसरे.

पुण्यात हिंदू कुटुंबाला १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागू. एकत्र कुटुंब, सहदायाद, मुलींना समान हक्क देणारी २००५ ची दुरुस्ती, हे तिथला विद्यार्थी पाठ करतो आणि त्याच्यासाठी ते बरोबरच आहे. गोव्यात चित्र निराळे. इथे पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता १ जुलै १८७० पासून लागू झाली, आणि मुक्तीनंतर १९६२ च्या प्रशासन कायद्याने जुने कायदे बदल होईपर्यंत चालू ठेवले. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, दोघांची अर्धी अर्धी. म्हणजे त्या बाईचे अर्धे घर नवरा जिवंत असतानाही तिचेच होते. ते वारसाहक्काने येत नाही, मुळातच तिचे असते. उरलेल्या अर्ध्याची वाटणी होते, आणि त्यात मुलगा-मुलगी सारखे. मृत्युपत्र केले तरी मुलांचा सक्तीचा हिस्सा, म्हणजे वारशाचा अर्धा भाग, कोणी हिरावून घेऊ शकत नाही. वारशाचा भाग आता २०१२ च्या गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी आणि इन्व्हेन्टरी कायद्यात आला आहे, तो २०१६ पासून लागू आहे. लग्नाचा, सामाईक मालमत्तेचा जुना पाया मात्र तसाच.

हे ज्याला ठाऊक नाही तो वकील हुशार असूनही घात करतो. एक प्रकार मी अनेकदा पाहिला आहे. वडील जिवंत असताना मुलीकडून स्टँपपेपरवर लिहून घेतात: ‘लग्नात माझा वाटा मिळाला, वडिलांच्या मालमत्तेवर माझा हक्क नाही.’ कागदावर वकिलाची सही, शिक्का, साक्षीदार, सगळे रीतसर. पण जिवंत माणसाच्या वारशावरचा हक्क आपल्या कायद्यात सोडताच येत नाही! वारसा उघडतो तो माणूस गेल्यावर. तोवर त्या कागदाची किंमत रद्दीची. वडील गेल्यावर बहीण हक्क मागते, भाऊ तो कागद दाखवतो, आणि वीस वर्षे राखी बांधलेली माणसे एकमेकांचे तोंड पाहीनाशी होतात. कागद लिहिणाऱ्याने फी घेतलेली असते आणि तो विसरून गेलेला असतो. एका चुकीच्या कागदाने घर फुटते ते असे.

कोणी म्हणेल, हा जुना पोर्तुगीज कायदा आता किती दिवस टिकणार? मला तर तो आता कुठे देशाच्या नजरेत आला आहे असे वाटते. समान नागरी कायद्याची चर्चा निघाली की गोव्याचे नाव घेतात. उत्तराखंडने २०२४ मध्ये आपला कायदा केला आणि जानेवारी २०२५ मध्ये तो लागू केला, तेव्हाही गोव्याचा दाखला दिला गेला. त्याआधी सप्टेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला: गोव्याचा अधिवासी असलेल्या माणसाची मालमत्ता गोव्याबाहेर, देशात कुठेही असली, तरी तिच्या वारशाला गोव्याचाच कायदा लागू. म्हणजे मुंबईत फ्लॅट घेतलेल्या गोंयकाराचा कायदाही इथलाच. आता मला सांगा, ज्या कायद्याचा दाखला सगळा देश देतो तो नीट समजावून सांगणारी माणसे कुठून यायला हवीत? गोव्यातूनच ना?

आणि हे फक्त वारशापुरते नाही. १९६४ चा कूळ कायदा, १९७५ चा मुंडकार कायदा, १९६१ ची कोमुनिदाद संहिता, देवळांच्या महाजनांसाठीचा १९३३ चा माझानी कायदा, यांतला एकही पुण्या-बेळगावात चालत नाही. तिथला जमिनीचा कायदा तिथला. बेळगावचे कॉलेज हुबळीच्या कर्नाटक राज्य कायदा विद्यापीठाखाली येते. त्यांनी १९६१ चा कर्नाटक भूसुधारणा कायदा शिकवावा हे योग्यच. आपला मुलगा तो शिकून सावईवेऱ्याच्या मुंडकाराला काय सांगणार? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

एक आक्षेप मात्र खरा आहे. कॉलेज गोव्यात आहे म्हणून तिथे गोव्याचा कायदा नीट शिकवतातच असे नाही. परीक्षेत किती गुणांसाठी विचारतात यावर विद्यार्थी विषयाचे वजन ठरवतात, आणि शिक्षकही माणसेच आहेत. करार, गुन्हे, घटना हे विषय बार कौन्सिलने देशभर सक्तीचे केलेले. उरलेल्या जागेत स्थानिक कायदे बसवायचे. म्हणून माझे म्हणणे असे की प्रवेश घेण्याआधी कॉलेजात जाऊन चार प्रश्न विचारावेत. नागरी संहिता आणि २०१२ चा वारसा कायदा कोण शिकवतो, आणि त्याने कधी इन्व्हेन्टारियो चालवला आहे का? कूळ-मुंडकार कायद्याला किती तास देतात? कायदा सहाय्य केंद्र गावात जाते की फक्त अहवालात असते? ग्रंथालयात १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियमाची पुस्तके आली आहेत की अजून जुन्या पिनल कोडवरच भागते? ही उत्तरे इमारतीपेक्षा आणि माहितीपत्रकातल्या फोटोंपेक्षा जास्त सांगतात.

वर्गाबाहेर जे मिळते ते तर इथेच मिळेल. पर्वरीला उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे. तालुक्याच्या कोर्टात आणि मामलेदाराकडे मुंडकाराच्या केसी चालतात, त्या मागच्या बाकावर बसून ऐकता येतात. जुनी कागदपत्रे पोर्तुगीजमध्ये आहेत, ती वाचू शकणारी वकील मंडळी दरवर्षी कमी होत चालली आहेत. विद्यार्थ्याने तीन वर्षांत आठवड्यातून एक संध्याकाळ अशा एखाद्या ज्येष्ठ वकिलाकडे घालवली, ‘एस्क्रितुरा’ कशी वाचायची, जुन्या भूनोंदणीचा उतारा सर्व्हेच्या नकाशाशी कसा जुळवायचा हे शिकला, तर ती विद्या त्याला कुठल्याही राष्ट्रीय विद्यापीठात मिळणार नाही. हे लोक आज आहेत. दहा वर्षांनी असतील याची खात्री नाही.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची भीती मी जाणतो. महाराष्ट्रात तीन वर्षांच्या एलएल.बी.ची प्रवेश परीक्षा मराठीतही देता येते, म्हणून काहींना तिकडचा ओढा असतो. (गोव्याचा विद्यार्थी तिथे परराज्यातला ठरतो, हे तेवढे लक्षात ठेवावे.) मराठीचा अभिमान मलाही कोणापेक्षा कमी नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोंकणीबरोबर मराठीच्या वापराला जागा मिळाली, तिचा कचेरीत वापर व्हावा म्हणून आमच्यासारखे कारकूनच काय तो प्रयत्न करतात. पण भावनेच्या भरात मुलाचे नुकसान करू नये. गोव्याच्या कोर्टात युक्तिवाद इंग्रजीत होतात, निकाल इंग्रजीत येतात. तेव्हा कायदा इंग्रजीत शिकावा, पहिले वर्ष जड जाईल ते सोसावे. आणि मराठीचा उपयोग जिथे खरा आहे तिथे करावा: पक्षकाराला त्याचा हक्क त्याच्या भाषेत समजावून सांगण्यात. त्या वाड्यावरच्या बाईला ‘मॉयटी होल्डर’ म्हणून काय कळणार? ‘अर्धे घर आधीपासून तुमचेच आहे’ म्हटले की कळते. हे वाक्य बोलू शकणारा वकील तिला हवा आहे.

आता माझ्यासारख्या नोकरदारांसाठी दोन शब्द. चाळिशी उलटली की अनेकांना वकिलीची पदवी घ्यावीशी वाटते. वयाची अट घालायचे बार कौन्सिलने पाहिले होते, पण २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली, त्यामुळे वय आड येत नाही. आड येते ते घड्याळ. नियमाप्रमाणे प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी हवी. लॉचे वर्ग सकाळी ८ ते संध्याकाळी ७ याच वेळात घेता येतात, आणि आपली कचेरी त्याच वेळात. सप्टेंबर २०२४ मध्ये बार कौन्सिलने बायोमेट्रिक हजेरी आणि नोकरी करणाऱ्यांना मालकाचे ना-हरकत पत्र सक्तीचे केले. दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये हजेरी कमी म्हणून कायद्याच्या विद्यार्थ्याला परीक्षेपासून रोखू नये असा निकाल दिला खरा, पण त्या भरवशावर कोणी नाव घालू नये. निकाल परीक्षेला बसवील, कायदा डोक्यात घालणार नाही.

शिवाय सनद. पगारी नोकरीत असताना वकिली करता येत नाही. ‘पदवी घेतो आणि थेट न्यायाधीशाची परीक्षा देतो’ म्हणणाऱ्यांनी २० मे २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचावा: दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली आहे. मग नोकरदाराने ही पदवी घ्यावीच कशाला? निवृत्तीनंतर वकिली करायची असेल, किंवा आपल्या टेबलावरचे काम अधिक जाणतेपणाने करायचे असेल, तर घ्यावी. पण मग तर ती इथेच घ्यावी. दर आठवड्याला घाट चढून हजेरी भरणे कोणाच्या बापाला जमणार नाही. आणि न भरता ती भरल्याचे दाखवणारे कोणी भेटलेच, तर कायद्याच्या शिक्षणाची सुरुवात खोट्या सहीने होते एवढे ध्यानात ठेवावे.

खर्चाचेही बोलायला हवे, कारण पालक तोंडाने म्हणत नाहीत तरी मनात तेच असते. बाहेरगावी राहायचे म्हणजे फीच्या वर खोली, खानावळ, प्रवास, तेही तीन वर्षे. पदवी झाल्यावर लगेच कमाई सुरू होत नाही. ऑल इंडिया बार परीक्षा द्यावी लागते, आणि ज्येष्ठ वकिलाकडच्या पहिल्या वर्षांत हातात पेट्रोलपुरते पैसे पडले तरी पुष्कळ. सनदीची फी तेवढी आता आवाक्यात आली, जुलै २०२४ च्या निकालाने सर्वसाधारण उमेदवाराकडून ७५० रुपयांच्या वर घेता येत नाही. बाकीचा भार घरावरच. घरी राहून, कदंबाच्या पासवर कॉलेज करून वाचलेला पैसा त्या कोरड्या वर्षांसाठी ठेवला, तर मुलाला पहिल्या दिवसापासून वाटेल ती केस घ्यावी लागणार नाही. वकिलाचा प्रामाणिकपणा पुष्कळदा तिथेच ठरतो.

तेव्हा माझे मत सरळ आहे. मुंबई-दिल्लीत वकिली करायची त्याने तिकडे जावे. गोव्यात करायची त्याने गोव्यात शिकावे, आणि कॉलेज कमी पडले तर कॉलेजला जाब विचारावा. बाहेर पळून गेलेला विद्यार्थी कॉलेज सुधारू शकत नाही, वर्गात बसलेला विद्यार्थीच ते करू शकतो. आपल्या जमिनींना दिल्लीपासून गिऱ्हाईक आहे, त्यांच्याकडे महागडे वकील आहेत. आपल्या बाजूने कागद वाचायला आपल्या गावात, आपला कायदा जाणणारा माणूस असणार आहे की नाही, एवढाच प्रश्न आहे.